दिवेलागणीचा डेस्कटॉप

एप्रिल लागला की आमच्या कॉलेजच्या लॅबमधले कॉम्प्युटर काळे पडायला लागतात. बिघडत नाहीत, नुसते काळे पडतात. तोंडी परीक्षा जवळ आलेली असते, प्रोजेक्ट अर्धा असतो, जर्नलवर सह्या नसतात, आणि अशा वेळी मुलं मान खाली घालून पहिलं काम कोणतं करतात, तर स्क्रीनचा रंग बदलतात. पांढरं सगळं काळं होतं, फोल्डर जांभळे होतात, कोपऱ्यात एक घड्याळ येतं आणि परीक्षेला किती वेळ उरला आहे ते त्यात हिरव्या आकड्यांत चमकत राहतं. ते घड्याळ नीट बसवण्यात बराचसा उरलेला वेळ जातो.

मी कोणाला हसत नाही. शाळेत वार्षिक परीक्षा आली की मीसुद्धा आधी वेळापत्रक करायला बसायचो. गणिताला लाल, इतिहासाला हिरवा, मधल्या सुट्टीला पिवळा. आई चुलीपाशी बसून बघायची आणि म्हणायची, "रंगवनं झालं असंन तं वाच आता." माणसाला भीती वाटली की तो आधी जागा सजवतो, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही, पण लॅबमध्ये बसलं की तसं वाटतं खरं.

मी आता याच लॅबमध्ये असिस्टंट आहे. परवा दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि तिने विचारलं, "दादा, एक्स्टर्नल परीक्षकांना दाखवताना स्क्रीन डार्क ठेवू की लाइट?" प्रश्न साधा होता. पण मला एकदम उदबत्तीचा वास आला, कुठेतरी कैरी उकडत असल्याचा वास आला, आणि फाटक काका "माझी माणसं कुठे गेली?" असं म्हणत चष्मा पुसताना दिसले. मी तिच्या स्क्रीनकडेच बघत राहिलो. ती बिचारी "सॉरी दादा" म्हणून गेली.

मी तिच्यासारखा दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा विश्रांतवाडीला फाटक काकांकडे मागच्या खोलीत राहायचो. काका एका सरकारी कचेरीत आयुष्यभर फायली सांभाळून निवृत्त झालेले. मूळचे पेठेतले. विश्रांतवाडीत येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, तरी बसने डेक्कनला निघाले की काकूंना सांगायचे, "पुण्यात जाऊन येतो." मला ते नावाने हाक मारत नसत. मी वाशिम जिल्ह्यातला, म्हणून मी वाशिम. "वाशिम, नळ गळतोय." "वाशिम, चप्पल आत घे, ती रस्त्यावर राहायला आलेली नाही." पहिले काही महिने मला वाटायचं, हे आपल्यावर रागावलेले आहेत. नंतर कळलं की ते सगळ्यांशी असंच बोलतात, आणि रागावले की बोलतच नाहीत.

त्या वर्षी माझा प्रोजेक्ट होता कॉम्प्युटरचे कपडे बदलण्याचा. दिवसा डेस्कटॉप उजळ ठेवायचा आणि सूर्य मावळला की आपोआप सगळं गडद करायचं, म्हणजे डोळ्यांना त्रास होत नाही. असे प्रोग्रॅम जगात पुष्कळ आहेत, हे मला माहीत होतं. पण मला एवढंच जमत होतं. अडचण दुसरीच निघाली. आमच्या सरांचा नियम होता की प्रोजेक्ट कॉलेजबाहेरच्या एका खऱ्या माणसाने वापरायचा आणि त्या माणसाने तोंडी परीक्षेला स्वतः येऊन सांगायचं, की हे कामाचं आहे का नाही. तो नाही म्हणाला तर प्रोजेक्ट पुढच्या वर्षी परत. म्हणजे वर्षच अडकलं.

वर्ग सगळा पुण्यातला. कोणाची आत्या, कोणाचा मामा, कोणाच्या सोसायटीचे चेअरमन. माझा पुण्यात कॉम्प्युटर असलेला एकच माणूस होता. आणि गावाकडे बाबांनी डाळ मिलमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगं कॉम्प्युटरले रंग द्यायचं शिकून राह्यलं. त्यावर मिलमधल्या लोकांनी निरोप दिला होता की आमच्या मारुतीच्या देवळाचंही एवढं करून दे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वर्ष अडकलं तर त्या मिलमध्ये बाबा काय सांगतील, हे मला रोज सकाळी दात घासताना आठवायचं.

मी काकांना विचारलं. कसं विचारावं याची मागच्या खोलीत तयारी केली होती, पण बाहेर आल्यावर ती सगळी विसरलो.

"काका, तुमचा कॉम्प्युटर जरा... म्हणजे मला परीक्षेसाठी तुमचा डेस्कटॉप हवा होता."

"ने की. उचलतोस का मी हात लावू?"

"तसा नाही, काका. त्याचा रंग बदलायचाय."

"का? आत्ताच्या रंगाने तुझं काय बिघडवलं?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, करू द्या की. लेकराची परीक्षा आहे." काका खुर्चीतून उठले. "बस. पण कशालाही हात लावायच्या आधी विचारायचं."

मी बसलो आणि तेव्हा पहिल्यांदा तो डेस्कटॉप नीट पाहिला. मागे त्यांच्या मुलीच्या, रेवाताईच्या लग्नातला मोठा फोटो होता. स्टेजवर सगळं गणगोत. आणि त्या माणसांच्या मधूनमधून काकांच्या फायली ठेवलेल्या. माझ्या डोळ्यांना तो नुसता पसारा दिसला. मी म्हटलं, "काका, या एका रांगेत लावून देऊ का?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"रांगेतच आहेत. बघ. इन्कमटॅक्स जावयाच्या खांद्यावर. तो त्याच धंद्यात आहे. रक्तदाबाचे रिपोर्ट डॉक्टरांच्या शेजारी, ते उजवीकडे, जरीची टोपी. विजेचं बिल माझ्या मेव्हण्याच्या फेट्यावर."

"मेव्हण्यांच्या का?"

"आला की दिवसभर पंखा लावून झोपतो. आणि गॅसचं बुकिंग हे इथे, मागच्या रांगेत. हा केटररचा माणूस. फोटोत कसा आला माहीत नाही, पण उपयोगी पडला."

मी बघत राहिलो. एवढ्या गर्दीत एकाही माणसाच्या चेहऱ्यावर फाईल आलेली नव्हती. कानाला लागून, खांद्याला टेकून, पण चेहरे सगळे मोकळे. फक्त एका जाड मिशांच्या गृहस्थांच्या बरोबर तोंडावर रिसायकल बिन, म्हणजे तो कचऱ्याचा डबा.

"हे कोण, काका?"

"माझे थोरले साडू."

"आणि हा डबा..."

"तो आपोआप आलाय," काका म्हणाले.

"आपोआप नाही आलेला," काकू आतून म्हणाल्या.

त्या दिवसांचा विचार केला की दुपारच मोठी वाटते. आळंदी रस्त्यावरच्या बसचे हॉर्न, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, त्यांच्यावर काकूंनी टाकलेलं जुनं धोतर, आणि त्या धोतराला टाचणी लावून काकांनी चिकटवलेला कागद: 'कावळ्यांसाठी नाही.' कूलरला पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. पाणी घातलं की वाळ्याचा वास यायचा आणि खोली थोडा वेळ गावाकडच्या ओसरीसारखी व्हायची. मी प्रोग्रॅम लिहायचो, तो चुकायचा, मी परत लिहायचो. आणि एका दुपारी तो चालला. संध्याकाळी पावणेसातला तो स्वतःहून काकांचा डेस्कटॉप गडद करणार होता. तो क्षण बघायला मी हॉलमध्ये सतरंजीवर येऊन बसलो.

हॉलमध्ये एका भिंतीला देवघर होतं आणि त्याच्या समोरच्या भिंतीला कॉम्प्युटर. जागाच तेवढी होती. पावणेसातला काकूंनी पदर खांद्यावरून घेतला, समई लावली, उदबत्ती ओवाळली, आणि काहीतरी पुटपुटत हात जोडून मागे वळल्या. त्याच वेळी माझ्या प्रोग्रॅमने त्याचं काम केलं. अख्खं लग्न गेलं आणि स्क्रीन काळीभोर झाली. त्या काळ्यावर काकांच्या फायली तेवढ्या उरल्या, मांडव काढून नेल्यावर मैदानात राहिलेल्या खुर्च्यांसारख्या.

"अगं बाई," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझी माणसं कुठे गेली?"

"काका, हा डार्क मोड आहे. डोळ्यांना बरा असतो."

"मी डोळ्यांचं विचारलं नाही. गॅस बुक करायचाय. केटररचा माणूस कुठाय?"

मी स्क्रीनवर बोट फिरवत गॅसची फाईल शोधायला लागलो. मलाही ती सापडेना. काकू मात्र अजून दिव्यापाशीच उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच नवल वाटत होतं. "अरे, दिवेलागणीला आपण दिवे लावतो. घरात अंधार ठेवत नाही. आणि तुझं यंत्र मुहूर्त बघून काळं होतं?"

मी गच्चीवर जाऊन आईला फोन लावला. तिने आधी विचारलं, "जेवला काय?" मग विचारलं, "दिवेलागनीच्या टायमाले फोन काहून केला?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती माझी बाजू घेईल.

"संध्याकाळी घरात अंधार करते काय कोनी?" ती म्हणाली. "शिकून राह्यला का इसरून राह्यला तू?"

मागून भांड्यांचा आवाज येत होता आणि आमच्या दारातला दिवा तिने नुकताच लावलेला असणार. विश्रांतवाडी आणि माझं गाव यांच्यात एवढं अंतर आहे की रात्रभर प्रवास करावा लागतो. काकू आणि आई एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. पण त्या वेळी दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून माझ्या प्रोग्रॅमकडे बघताहेत, असं मला वाटलं.

मग मी दुसरा प्रयत्न केला. फोटो काढून टाकायचा नाही, नुसता गडद करायचा. संध्याकाळ झाली तसे स्टेजवरचे सगळे पाहुणे हळूहळू काळवंडत गेले. वधूवरांचे दात तेवढे दिसत राहिले.

काकू म्हणाल्या, "लग्नात लाइट गेल्यासारखं दिसतंय रे."

"वरपक्षाचा जनरेटर होता," काका म्हणाले. "त्याचे पैसेही त्यांनी आपल्यालाच ऐकवले होते."

परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. मी शेवटी धीर करून विचारलं, "काका, तोंडी परीक्षेला तुम्ही येणार ना?"

"येणार म्हटलंय तर येणार."

"आणि त्यांनी विचारलं, हे कामाचं आहे का, तर?"

"तर जे आहे ते सांगणार. मी रेकॉर्ड सांभाळलंय, वाशिम. खोटं लिहिलेलं नाही कधी." एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले. मला त्यांचा रागही आला नाही. कारण आत्ता ते जे सांगणार होते, तेच खरं होतं. माझा प्रोग्रॅम त्यांच्या कामाचा नव्हता.

सुचलं ते मला सुचलं, असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी चिडून कॉम्प्युटर बंदच केला होता आणि त्या काळ्या काचेसमोर नुसता बसलो होतो. मागे काकूंनी समई लावली. आणि काचेत, अगदी खालच्या बाजूला, ज्योत दिसली. बाकी सगळं काळं आणि त्यात ती एवढीशी. काकू हात जोडून वळल्या आणि त्यांनाही ती दिसली. त्या माझ्या खांद्यामागून बराच वेळ बघत होत्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "एवढं ठेवता येईल का? मग बाकीचं कर हवं तेवढं काळं."

मी तेच केलं. पावणेसात वाजले की फोटोत खाली एक दिवा लागतो. त्याच्या जवळचे चेहरे आधी थोडे पिवळसर होतात, मग लांबचे, आणि मग कडेकडेने अंधार येतो. माणसं कुठेही जात नाहीत. रात्र वाढली तरी प्रत्येकाच्या तोंडावर थोडा उजेड राहतो. डोळ्यांना त्रासही होत नाही. दिवा कुठे ठेवायचा यावरून मात्र घरात वाद झाला. काकांचं म्हणणं, केटररच्या माणसाजवळ, म्हणजे गॅस दिसेल. काकू म्हणाल्या, "रेवाच्या पायाशी ठेव. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते, तिच्या घरी कोणी लावत नाही." रेवाताई अमेरिकेत असते. दिवा रेवाताईच्या पायाशी गेला.

परीक्षेच्या दिवशी काका इस्त्रीचा बुशशर्ट घालून आले. कॉलेजच्या शिपायाने त्यांनाच परीक्षक समजून पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी त्यांचा डेस्कटॉप जसाच्या तसा मांडून ठेवला होता. फायली नेऊ द्यायला त्यांनी नकार दिला होता, म्हणून नुसती नावं, पण जागा त्याच.

बाहेरून आलेल्या मॅडम परीक्षक होत्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "हे सगळे कोण?"

"यांचे नातेवाईक," मी म्हटलं.

"सगळे?"

"एक केटररचा आहे," काका म्हणाले. "मागची रांग. डोक्यावर गॅस."

मॅडमनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं आणि मग मला म्हणाल्या, "दाखवा, काय होतं ते."

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीबाहेर लख्ख ऊन, आत ट्यूबलाइट. मी कॉम्प्युटरचं घड्याळ पावणेसातला नेलं. घाईत ते आधी पावणेआठला गेलं, मग परत आणलं. आणि रेवाताईच्या पायाशी दिवा लागला.

काकांनी हात जोडले.

त्यांनी ते मुद्दाम केलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. काकू रोज म्हणायच्या, "अहो, दिवा लावलाय, हात जोडा," आणि ते पेपर मांडीवर ठेवून जोडायचे. ती सवय तेवढी लॅबमध्ये आली. पण खरी गोष्ट मी त्याच्या पलीकडे पाहिली. मॅडमचेही हात टेबलावरून किंचित उचलले गेले, एकमेकांजवळ आले, आणि मग त्यांनी समोरचं पेन उगाच सरळ करून ठेवलं.

मग मॅडमनी काकांना विचारलं, "तुमच्या कामाचं आहे का हे?"

मी जमिनीकडे बघत होतो. मला डाळ मिल दिसत होती.

"आधी नव्हतं," काका म्हणाले. "फार शहाणं होतं. आता सांगितलेलं ऐकतं. आमच्या घरात तसं दुसरं कोणी नाही."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. मग मला विचारलं, "सूर्य काय रोज पावणेसातला मावळतो?"

"नाही मॅडम."

"मग? उन्हाळ्यात तुमचा दिवा उन्हात लागेल, हिवाळ्यात अंधार पडल्यावर. गावावरून आणि तारखेवरून वेळ काढता येते. ते करा."

"करतो मॅडम."

"जा. झालं." आम्ही दारापर्यंत गेल्यावर त्या म्हणाल्या, "पास आहात."

संध्याकाळी मी आईला फोन केला. तिने बाबांना ओरडून सांगितलं, आणि बाबा फोनवर येऊन एवढंच म्हणाले, "मंग देवळाचं कवा करतं?"

मॅडमनी सांगितलेलं मी खरंच केलं. काही ओळींचं काम होतं. कॉलेजमध्ये नवा प्रोग्रॅम दिला आणि एक पेन ड्राइव्हवर घेऊन काकांकडे गेलो. तोवर त्यांचा भाचा शिकायला येणार होता म्हणून मी मागची खोली सोडून धायरीला राहायला गेलो होतो. काकांनी तो पेन ड्राइव्ह हातात घेऊन उलटापालटा केला.

"हा घातला की काय होईल?"

"वेळ आपोआप बदलेल, काका. ऋतू बदलला तरी काही करावं लागणार नाही."

"म्हणजे तुला यायला नको."

"नाही ना. त्रासच नाही."

काकांनी तो मला परत दिला. "राहू दे. यंत्राला फार अक्कल देऊ नये."

त्यामुळे माझं वर्ष आता कॅलेंडरवर चालत नाही, काकांच्या फोनवर चालतं. दिवाळी झाली की एक फोन येतो, होळीनंतर एक. धायरीहून विश्रांतवाडी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक, मध्ये बस बदलायची. मी जातो, प्रोग्रॅममधली दिव्याची वेळ बदलतो, चहा पितो. काम खरंतर चहा गार व्हायच्या आत होतं.

काल लॅबमधून निघताना ती मुलगी परत दिसली. मी तिला थांबवून म्हटलं, की डार्क की लाइट ते परीक्षकांवरून ठरवू नकोस, ज्याच्यासाठी केलंयस त्याच्या घरी संध्याकाळी जाऊन बस. ती "बरं दादा" म्हणाली. मला वाटतं, तिला काही कळलं नाही. मलाही तिच्या वयात कळलं नसतं, आणि मी काही फार मोठा झालोय असंही नाही.

बसस्टॉपवर पोचेपर्यंत फोन वाजला.

"वाशिम, दिवस मोठा झालाय. तुझा दिवा ऊन असतानाच लागतोय. गुरुवारी ये."

"येतो काका."

"पन्हं आहे, असं ही म्हणतेय. मी म्हटलेलं नाही."

"बरं."

"आणि अजून एक. रविवारी थोरले साडू यायचेत. त्यांच्या तोंडावरचा तो डबा तेवढा बाजूला सरकव. आपोआप आला होता म्हणावं."

"सरकवतो."

"आणि सोमवारी येऊन परत होता तिथे ठेव. मला ते काही जमत नाही."

एवढ्या गणगोतात एकाही कानाला धक्का न लावता सगळी कचेरी मांडणाऱ्या माणसाला एक डबा सरकवता येत नाही, हे मी मान्य केलं. म्हटलं, "सोमवारी पण येतो, काका."